कॅल्शियमच्या गोळ्या तुमच्याकडेच ठेवा

आज घरच्या ग्रुपवर भाच्याच्या दातांवरून पंचायत भरली आणि माझं डोकंच फिरलं. एक म्हणे, आजकालची पोरं दात घासत नाहीत. दुसऱ्याने कॅल्शियमच्या गोळ्यांचा फोटो टाकला. अहो, दिवसातून तीनदा घासतो तो! तोच तर घोळ आहे.

वय 22. पोलीस भरतीची तयारी. पहाटे धावत अजिंक्यतारा चढायचा, घरी येऊन लिंबूपाणी ढोसायचं आणि लगेच खसाखसा ब्रश. रात्री पोवई नाक्याजवळच्या अभ्यासिकेत एनर्जी ड्रिंकचा कॅन, तोही घोट घोट, तासन् तास पुरवून. आता साध्या थंड पाण्याने कळ जाते, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या दिसायला लागल्यात. डेंटिस्ट बाई म्हणाल्या, कीड कुठेच नाही, आंबटाने इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजलंय.

कीड लागते तेव्हा जंतू साखरेचं आम्ल करतात. इथे आम्ल आपण स्वतःच ओततोय. त्यामुळे शुगर-फ्री कॅन घेतला म्हणून सुटका नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. तो साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं, आणि कोला असतो 2.5 च्या आसपास! तोंडात वाचवणारी एकच, लाळ. ती आम्ल धुते, त्याचा जोर मारते, तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट मऊ पडलेल्या थराला पुन्हा बळ देतं. पण तिला उसंत तर द्या. हा पठ्ठ्या दर पाच मिनिटांनी नवा घोट घेणार. सकाळी घाम गाळून तोंड कोरडं पडलेलं, त्यात लिंबू, आणि त्या मऊ थरावर ब्रश. एकदा झिजून गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. गोळ्या गिळूनही नाही.

हो, आम्लपित्ताने, सारख्या उलट्यांनीही असं होतं. काहींना मुळातच लाळ कमी सुटते. मान्य. आणि आता कुणी विचारायच्या आधीच सांगतो, दही-ताक बंद करायची गरज नाही. आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम भरपूर, दातांना फारसं बाधत नाही.

पोराचा राग नाही हो येत. जागा मूठभर, अर्ज ढीगभर. आपणच मागे लागतो, झोपू नकोस, अभ्यास कर. मग तो डोळे उघडे ठेवायला काय पिणार? बाईंनी त्याला सांगितलंय, लिंबूपाणी प्यायचंच तर एका दमात पी, साध्या पाण्याने चूळ भर, ब्रश आंबट प्यायच्या आधीच उरकून घे. ऐकतोय बिचारा.

पण त्या अभ्यासिकेत दारातच कॅनने भरलेला फ्रीज, आणि प्यायच्या पाण्याला दोन जिने उतरून खाली जायचं. काल मालकाला म्हटलं, पाण्याचा एक जार वर ठेवा की. तर म्हणतो कसा, "जारमध्ये मला काय सुटतंय?"