नळ म्हणजे काय?

गळत्या नळाखाली एका हाताने फडकं दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने फोनवर उपाय शोधायचा, अशा अवस्थेत माणूस आपल्या पानावर येतो. त्याला हवं असतं एवढंच: मेन कॉक बंद कर, नळाची मूठ सोड, झिजलेला वायसर काढ, त्याच मापाचा नवा बसव. पण आम्ही वेबसाइटवाले त्याला असं बरं सोडू! आधी 'नळ म्हणजे काय', मग 'नळाचा इतिहास', पाठोपाठ 'आधुनिक जीवनात नळाचे महत्त्व'. वायसर उगवतो हजाराव्या शब्दाला. तोवर पाणी पलीकडच्या खोलीत.

का, तर 'गूगलला लांब लेख आवडतात'. हे गूगलने कुणाच्या कानात सांगितलं, देव जाणे. जाहीरपणे ते म्हणतात, शब्दसंख्येचं लक्ष्य वगैरे काही नाही. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शोधशब्दांची यादी, आम्ही क्रमवारीसाठी बघतच नाही, हे तर त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय. तो अजूनही भक्तिभावाने भरला जातो. माझ्या मते वाचक आणि गूगल यांच्यात फारसं भांडण नाहीच. दोघांनाही छळतो तो वेबसाइटच्या मालकाच्या मनातला गूगल.

म्हणून उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्यावं. टायटल 'गळका नळ असा दुरुस्त करा', बस्स. 'नळ गळती, नळ दुरुस्ती, झटपट नळ दुरुस्ती' अशी माळ ओवली, तर गूगल ती बाजूला ठेवून स्वतःच्या पसंतीचं टायटल दाखवू शकतं. लांबी वाढवायचीच हौस असेल, तर सिरॅमिक कार्ट्रिजच्या, म्हणजे आत सिरॅमिक चकत्यांची डबी असलेल्या, नळात वायसर बदलून भागत नाही, अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं, हे वेगळ्या उपशीर्षकाखाली लिहा. ती लांबी कामाची.

मग वेगाचं दुखणं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट टेकल्यावर २०० मिलिसेकंदांत पान हलावं आणि नको तेव्हा हलू नये: मजकूर किती सरकतो याचं माप, सीएलएस, ०.१ च्या आत. तेही शंभरातल्या किमान पंचाहत्तर भेटींत. इथे मालक चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो पाठवतात, फोनवर तो चारशेच्या जागेत बसणार असतो. तो लहान करून वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये द्या. आणि पानावरच्या पहिल्याच मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (वाचक जवळ पोचेल तेव्हाच फोटो उतरवणं) लावू नका, नाहीतर नेमका तोच उशिरा येतो. फोटोला रुंदी-उंची लिहिली नाही, जाहिरातीला जागा राखली नाही, की वाचक 'पुढची पायरी' दाबायला जातो, मजकूर खाली सरकतो आणि बोट पडतं जाहिरातीवर. मालक खूश: 'बघा, क्लिक वाढले!'

एवढं सगळं करूनही पान गूगलवर दिसत नाही, तेव्हा आधी 'हे पान निकालात दाखवू नका' असं गूगलला सांगणारा नोइंडेक्स टॅग शोधावा. चाचणीच्या वेळी लावलेला असतो, काढायचा राहतो. उलटी गंमतही आहे. पान लपवायचं म्हणून काही जण नोइंडेक्स लावतात आणि रोबोट्स फाइलमधूनही (कुठली पानं उघडायची नाहीत हे सांगणारी फाइल) गूगलच्या बॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, अडवतात. घराला कुलूप, आणि पाहुण्यांसाठी सूचना आतल्या भिंतीवर! बॉटला टॅग वाचताच येत नाही, आणि बाहेरच्या लिंकांमुळे पत्ता तरीही निकालात येऊ शकतो.

चाचणीचा तो टॅग काढला की सर्च कन्सोल या गूगलच्या वेबसाइटवाल्यांसाठीच्या साधनात पानाचा पत्ता तपासायचा, इंडेक्सिंगची, म्हणजे पान गूगलच्या यादीत घेण्याची, विनंती करायची आणि थांबायचं. कधी काही दिवस, कधी काही आठवडे. मालकांचा फोन मात्र तासाभरात येतो: 'अजून पहिल्या नंबरवर का नाही?'