पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे

"एक वेस्टर्न करून टाक, पद्धत पेपरमध्ये दिलेलीच असेल," असं म्हणून सर मीटिंगला निघून गेले. वेस्टर्न म्हणजे जेलमधून प्रथिनं वेगळी करून त्यातलं हवं ते ओळखायची चाचणी. 'टाक' हे क्रियापद ज्यानं शोधलं त्यानं कधी जेल ओतलं नसावं.

पेपर उघडला. चर्चेला चार पानं, पद्धतीला दीड ओळ: 'प्रथिनं पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे वेगळी केली.' पूर्वी म्हणजे कधी? त्याच गटाच्या आठ वर्षं जुन्या पेपरात. तिथे गेले, तर 'किरकोळ फेरफार करून' आणखी जुना संदर्भ. फेरफार कोणते, ते गुलदस्त्यात. असं एकेक दार ठोठावत मी 1970 सालच्या 'नेचर'मधल्या लेम्लीच्या लेखापाशी पोचले. जगभरच्या प्रयोगशाळा ज्याच्या नावाचं बफर वापरतात, तोच हा. पण शीर्षकात जेलचं नावही नाही; विषय म्हणे टी४ या जिवाणूभक्षी विषाणूचं डोकं कसं जुळतं! चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखं वाटलं.

बरं, जिथे आकडे देतात तिथे तरी सुख असावं? '12,000 आरपीएमवर फिरवा.' अहो, पण कुठल्या रोटरमध्ये, म्हणजे नळ्या धरून फिरणाऱ्या चकतीत? त्रिज्या 8 सेंटिमीटर असेल तर या वेगाला साधारण 12,900 जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट जोर) मिळतात, 6 असेल तर 9,700 च्या आसपास. सेंट्रिफ्यूजची कंपनी मात्र शहरासकट छापलेली. आणि 'ओव्हरनाइट ठेवा' म्हणजे किती तास? माझ्या मते लिहिणारा सकाळी उठून येईपर्यंत. लेखकांना ईमेल केली. ती मिनिटभरात परत आली, असा पत्ताच नाही म्हणून.

शेवटी ताईला शरण गेले. ताई म्हणजे आमची सगळ्यात सीनियर. तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद दाखवला. सगळं होतं त्यात, क्रमानं, मापासकट. फक्त जेल गोठवणाऱ्या टेमेडच्या आकड्यावर कुमासीचा, म्हणजे प्रथिनं रंगवायच्या रंगाचा, निळाशार डाग.

"ताई, इथे किती मायक्रोलिटर?"

"दहा असेल गं. आज थंडी आहे, थोडं जास्त घाल."

घातलं. जेल ओतलं, वरून पाण्याचा थर दिला आणि अर्धा तास काचांकडे बघत बसले. नळीत उरलेलं जेल दगडासारखं घट्ट झालं. काचांमधलं मात्र खालून झिरपत टेबलावर पसरलं होतं. न गोठलेलं अ‍ॅक्रिलामाइड विषारी, त्यामुळे हातमोजे घालून पुसणंही आलं.

"खालचं रबर नीट बसवलं नाहीस का?" ताईनं विचारलं.

"रबराचं कुठे लिहिलंय?"

"ते काय लिहायचं असतं?" पण कागद तिलाही पटला नसावा. स्वतःचं जेल कुमासीनं रंगवता रंगवताच ती उठली, पेन घेतलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'रबर बघणे'. कागद सरकू नये म्हणून डावा हात वर दाबून धरला होता. उचलला, तेव्हा एपीएसच्या, म्हणजे जेल गोठवणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या, आकड्यावर निळा अंगठा उमटलेला होता.