बिल्टीवरचा शिक्का आणि ट्रान्सपोर्टरची जबाबदारी : खुलासा

‘बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) "ओनर्स रिस्क", म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असं छापलं की माल भिजो वा चोरीला जावो, ट्रान्सपोर्टर एक पैसा देणं लागत नाही,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात जबाबदारी राहतेच. जादा जोखमीचा दर (जास्त जबाबदारी घेण्यासाठी ट्रान्सपोर्टरचा जास्तीचा दर) ठरला नसेल, तर भरपाईला भाड्याच्या दहापट ही मर्यादा आहे आणि तीही मालाच्या जाहीर किमतीपर्यंतच. भाडं 8,000 असेल तर जास्तीत जास्त 80,000 रुपये. युद्ध, दंगल, दैवी आपत्ती यांची गोष्ट वेगळी. पण फाटक्या ताडपत्रीतून पाणी गळणं ही काही दैवी आपत्ती नव्हे! माल पाठवणाऱ्यांनी मात्र नुकसानीची लेखी नोटीस ट्रान्सपोर्टरला 180 दिवसांत द्यावी. हे दिवस बुकिंगपासून मोजायचे, डिलिव्हरीपासून नाही. घोळ नेमका इथेच होतो.