हेसूस हिलने क्लब ‘स्वतःच्या पैशाने वाचवला’? साफ खोटं

काल रात्री भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, “मामा, मालक असावा तर असा!” स्पेनमधल्या ॲटलेटिको माद्रिद या फुटबॉल क्लबचा दिवंगत अध्यक्ष आणि मालक हेसूस हिल याची ती आरतीच होती. चौदा वर्षांचं पोर हे खरं मानतंय, म्हणून लिहितोय.

व्हिडिओ म्हणतो, १९६९ चा अपघात हे निव्वळ दुर्दैव, सरकारने माफी दिली म्हणजे माणूस निर्दोष. हे ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. सेगोव्हिया प्रांतात हिलने उभारलेल्या वसाहतीत १५ जूनला रेस्टॉरंट कोसळलं. आत मेजवानी चालू होती. ५८ माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. बांधकामावर आर्किटेक्ट नव्हता, सिमेंट पुरतं सुकलंही नव्हतं. याला दुर्दैव म्हणायचं? कोर्टाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. माफी दिली ती हुकूमशहा फ्रँकोने. त्याने शिक्षा कमी झाली, गुन्हा पुसला गेला नाही. निर्दोष माणसाला माफी लागतेच कशाला?

आता ‘स्वतःचा पैसा’. १९९२ मध्ये क्लबची कंपनी झाली तेव्हा बहुतेक सगळे शेअर हिलच्या हाती गेले. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं, की ते पदरचे पैसे न घालता बळकावले होते. तरी शिक्षा झाली नाही, कारण गुन्ह्याची मुदत उलटून गेली होती. व्हिडिओवाला यालाच ‘कोर्टाने क्लीन चिट दिली’ म्हणतो! निकाल आला तेव्हा हिलला जाऊन काही आठवडेच झाले होते.

स्पेनमधल्या मार्बेया शहराचे रस्ते त्याने चकचकीत केले, बरं. पण तिथला महापौर असताना नगरपालिकेचा पैसा आपल्याच क्लबच्या जर्सीवरच्या जाहिरातीत वळवला, आणि त्याच प्रकरणात २००२ मध्ये महापौरपद गेलं.

१९९६ ची लीग आणि कप एकाच मोसमात जिंकले, हे मात्र खरं. आंतिच प्रशिक्षक, मैदानात सिमेओने, कामिनेरो, किको. तो संघ भारीच होता, नाकारत नाही. पण २००० मध्ये हाच क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हाही मालकी हिलचीच होती.

आणि भाच्या, तू स्वतः अकादमीत खेळतोस म्हणून सांगतो. १९९२ मध्ये हिलने खर्च वाचवायला क्लबची युवा अकादमी बंद केली. तिथला राऊल नावाचा पोरगा मग त्याच शहरातल्या रेआल माद्रिदकडे गेला आणि पुढे त्यांचा कर्णधार झाला. तुझ्या व्हिडिओत याबद्दल एक शब्द नाही.