व्हॅलेटाला टूरबस कशाला?

माल्टाची राजधानी व्हॅलेटा इथं क्रूझ थांबली की बोटवाल्यांचीच टूरबसची सहल घ्या, एकट्यानं फिरायला गेलात तर दिवस वाया जातो, असं एका लेखात म्हटलंय. अजिबात पटलं नाही. आम्ही सातारची मंडळी आपले आपणच फिरलो. धक्क्याजवळच बराक्का लिफ्ट आहे, ५८ मीटर वर थेट अप्पर बराक्का बागेत सोडते. (अजिंक्यतारा चढणाऱ्यांनी पायीही जायला हरकत नाही, पण ऊन फार असतं.) बाराला तिथं तोफ उडते, ती चुकवू नका.

१५६५ चा तुर्कांचा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी या शहराचा पाया घातला. रस्ते सरळ, काटकोनात, त्यामुळे चुकायची भीती नाही. सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या मोठ्या चर्चला मात्र निवांत वेळ द्या. पायाखाली सगळी रंगीत संगमरवरी थडगी, म्हणून टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत. इटालियन चित्रकार कारावाज्योचं १६०८ चं भलंमोठं चित्र इथंच आहे. रविवारी पर्यटकांना बंद असतं, आधी वार बघा.

आणि परतायची वेळ बोटीच्या घड्याळानं धरा, मोबाईलच्या नाही. दोन्हींत कधीकधी तासाचा फरक असतो.