ओट्याला एक भोक

पाण्याच्या फिल्टरचा नळ बसवायचा तर ओट्याला १२ मिलिमीटरचं भोक लागेल, असं फिल्टरवाला मुलगा म्हणाला. "पण ग्रॅनाइटला भोक पाडणं आमच्यात येत नाही, मॅडम," हेही वर ऐकवून गेला. प्लंबरने ५०० रुपये सांगितले. एका भोकाचे! घरात बॅटरीवरचं ड्रिल होतं. मी ओढणी कमरेला बांधली.

भिंतीला वापरतो तोच बिट लावला. दहा मिनिटं ड्रिल किंचाळलं, शेजारच्या काकू दोनदा डोकावल्या, आणि ओट्यावर एक टिपका उमटला. तोही ओल्या फडक्याने पुसला गेला. "हॅमरवर टाक ना," नवरा सोफ्यावरून म्हणाला. हॅमरच्या ठोक्यांनी ग्रॅनाइटला तडा जातो. मग भोक राहिलं बाजूला, ओटाच नवा घालावा लागतो.

हार्डवेअरच्या दुकानात डायमंड बिट दीडशेला मिळाला. आयुष्यातला माझा पहिला हिरा. लग्नातली चमकी खड्याची निघाली होती. बिटला टोकच नाही. नुसती पोकळ नळी आणि काठाला करडी कच, चिरोट्याला पिठीसाखर लागावी तशी. हा बिट दगड कापत नाही, गोल गोल झिजवतो. टोक नसल्याने उभा टेकवला की ओटाभर पळतो. आधी तिरका धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचा. हे मला तिसऱ्या चंद्रकोरीला कळलं. पहिल्या दोन आता साखरेच्या डब्याखाली असतात.

आणि पाणी? ते घालायचं असतं हेच माहीत नव्हतं. मिनिटभरात करपल्याचा वास आला आणि बिटचा काठ काळानिळा पडला. निकेलच्या थरात बसवलेली कच त्या तापाने सुटते. शिवाय हिरा शेवटी कार्बनच, फार तापला तर हवेत चक्क जळतो. माझे दीडशे रुपये तसेच गेले.

"ताई, कणकेचं आळं करा," दुसरा बिट देताना दुकानदार म्हणाला. "पाणी आटू देऊ नका आणि दाबू नका."

वरणासाठी भाताला करतो तसं आळं खुणेभोवती थापलं, पाणी ओतलं. ड्रिलचा आवाज एकदम समजूतदार झाला. पाणी राखेच्या रंगाचं झालं. मी वाटीने वाढत होते, नवरा टॉर्च धरून उभा होता. वीस मिनिटांनी आवाज पोकळ आला, बिट खचकन खाली गेला आणि आळ्यातलं सगळं पाणी त्याच्यामागून. खाली ट्रॉलीत पोळ्यांचा डबा उघडा होता.

नळीत अडकलेला दगड खिळ्याने ढोसून काढला. बोटाच्या पेराएवढा, काळाभोर, एका टोकाला पॉलिश. कौतुकाने टेबलावर ठेवला आणि पोळ्या लाटायला बसले.

"भाजकी कुठून आणलीस गं?" बाहेरून सासरे म्हणाले. मागोमाग अडकित्त्याचा आवाज आला.