‘पूर्ण सेट द्यायला नकार दिला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. मुलगा साडेचार वर्षांचा, ‘काकू’ला ‘ताकू’ आणि ‘गाडी’ला ‘दादी’ म्हणतो, कॉलर चावून चावून भिजवतो. तुम्ही ओरल-मोटरचा, म्हणजे ओठ-जीभ-जबड्याच्या व्यायामासाठीच्या शिट्ट्या, स्ट्रॉ, व्हायब्रेटर अशा वस्तूंचा पूर्ण सेट घ्यायला आलात, आम्ही एकच च्युई ट्यूब, म्हणजे चावायची सिलिकॉनची नळी दिली, वर ‘आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा’ असं ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलेली ट्यूब परत घेतली नाही. ‘माल विकायचाच नसेल तर दुकान कशाला थाटलंय?’ असंही तुम्ही विचारलंय. काउंटरवरच्या मुलाने मीच घालून दिलेला नियम पाळला. राग काढायचा तर माझ्यावर काढा.

ट्यूब दिली ती कॉलरसाठी. चावायची ओढ असलेल्या मुलाला कापडापेक्षा सिलिकॉन बरं. ती पुढच्या दातांत नाही, बाजूला दाढांच्या जागी धरायची. जबडा लहान तर बारीक, चावा जोरकस तर जाड आणि कडक, एवढाच निवडीचा हिशोब. रोज साबणाच्या पाण्याने धुवा, दातांनी चीर पडली की त्याच दिवशी फेकून द्या, तुकडा घशात जाऊ शकतो. मूल एकटं असताना हातात देऊ नका.

आता ‘ताकू’. ‘क’ आणि ‘ग’ म्हणताना जिभेची मागची बाजू वर टाळूला लागते, ‘त’ आणि ‘द’ला टोक दातांशी जातं. मूल मागचा आवाज पुढे आणतं, ही लहानपणी सर्रास दिसणारी सवय आहे. बहुतेक मुलांची ती चौथ्या वर्षाच्या आसपास सुटते. नाही सुटली तर दाखवून घ्यायला हवं. त्यात जीभ कमकुवत असेलच असं नाही, आणि शिट्ट्या वाजवून, बुडबुडे फुंकून किंवा जिभेला व्हायब्रेटर लावून ‘क’ येत नाही. तबला शिकायचा तर बोल वाजवावे लागतात, नुसती बोटं दाबून ‘धा’ निघत नाही. ‘क’ येतो ‘क’च्याच सरावाने: नेमकं ऐकवून, ‘काका-टाटा’सारख्या जोड्यांतला फरक दाखवून, खेळता खेळता खूपदा म्हणायला लावून. यासाठी माझ्याकडे विकायला काही नाही. जे लागतं ते थेरपिस्टकडे आणि तुमच्या घरात आहे.

हे माझं खासगी मत नाही. अमेरिकेत २००८ साली छापलेल्या एका सर्वेक्षणात ८५ टक्के स्पीच थेरपिस्ट असे बिनबोलीचे व्यायाम करून घेत असल्याचं दिसलं. २००९मध्ये तिथल्याच अभ्यासकांनी उपलब्ध संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा त्यामुळे बोलणं सुधारतं असं म्हणायला पुरेसा आधार सापडला नाही. तरीही रंगीत डबे खपतातच. मीही शिट्ट्या ठेवते, वाढदिवसाला छान असतात. स्ट्रॉ आणि खास कप ठेवते ते पिणं, ओठ मिटणं, लाळ अशा तक्रारींसाठी, तेही मुलाला पाहिलेल्या थेरपिस्टने लिहून दिलं असेल तर. व्हायब्रेटर तर चिठ्ठीशिवाय देतच नाही. फिट येणाऱ्या मुलाला तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, आणि काही स्वस्त मॉडेलमध्ये बटण सेल असतो, तो गिळला तर जिवावर बेततं.

ऑनलाइन बावीस नगांचा सेट आमच्या दोन वस्तूंच्या भावात मिळतो, हे खरं आहे. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

उघडलेली ट्यूब मात्र परत घेणार नाही. तोंडात जाणारी वस्तू आहे, उद्या तुमच्याच लेकाला कोणाची वापरलेली मिळाली तर चालेल का? सीलबंद पाकीट बिलासह कधीही बदलून देतो, बिलावर तसं छापलंय.

आधी कानाची तपासणी करून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते. नीट ऐकू येत नसेल तर बाकी सगळी धडपड वाया जाते. थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, ते विचारा. विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही. मुंबईच्या बाजूला असाल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे कान आणि बोलणं दोन्ही पाहतात.

त्यांनी काही लिहून दिलं तर चिठ्ठीचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. असेल तर बाजूला काढून ठेवते, नसेल तर मागवते. सोमवारी दुकान बंद असतं.

— दुकानाची मालकीण